पंधरा मिनिटांनंतरचा पहिला शॉट

गेले चार वीकेंड मी ऑफिसच्या कामासाठी लॅपटॉप उघडलेला नाही, आणि तरी डिबगिंग मात्र पोटभर झालं. बग कुठल्या प्रॉडक्शन सर्व्हरवर नव्हता. तो होता एका एअर रायफलमध्ये.

रायफल माझी नाही, मामेबहिणीची. मला नेमबाजीतलं कळत होतं ते इतकंच, की २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारला आणि आपल्याला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळालं. तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. या बाईसाहेब तेव्हा पाळण्यात. पुढे २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोत दहा मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि दोन वर्षांनी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसहून ऑलिंपिक ब्राँझ आणलं (त्याचा प्रकार वेगळा, पन्नास मीटरचा). तेव्हा आमच्या घरात "आपल्या पोरीलाही जमेल की!" ही लाट आली. मामाने एक एफडी मोडली आणि युरोपात बनलेली सेकंडहँड मॅच रायफल घेतली. मामीचं मत होतं की त्याच पैशांत सीईटीचा क्लास झाला असता. असो.

एअर रायफल म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे जत्रेतले फुगे येतात. हे प्रकरण तसं नाही. रायफलच्या पुढच्या बाजूला एक सिलिंडर असतो, त्यात २०० बार दाबाने हवा भरलेली. (हा बार दाबाचा. दुसऱ्या बारचा इथे संबंध नाही!) आपल्या गाडीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन-अडीच बार असतात, यावरून कल्पना करा. आता प्रत्येक शॉटनंतर सिलिंडरमधला दाब थोडा थोडा कमी होणार, म्हणजे छर्र्याचा वेगही बदलत जाणार. ते होऊ नये म्हणून मध्ये रेग्युलेटर बसवतात. घरच्या गॅसच्या शेगडीला असतो त्याच तत्त्वावरचा, फक्त कितीतरी बारीक आणि कितीतरी काटेकोर. सिलिंडरमध्ये २०० असो की १००, पुढच्या छोट्या कप्प्यात तो ठरलेलीच हवा देतो, समजा ७० बार. ट्रिगर ओढला की हातोडी व्हॉल्व्हवर आपटते, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, कप्प्यातली हवा छर्र्याला ढकलते. रेग्युलेटर कप्पा पुन्हा भरतो आणि बंद होतो.

"बंद होतो" या शब्दांत आमची सगळी स्टोरी आहे, पण आधी आकडे बघू.

दहा मीटरच्या टार्गेटमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हो, अर्ध्या. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे तो ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी चालतं, पण हल्ली गुण दशांशात मोजतात. छर्रा पाव मिलिमीटर सरकला की ०.१ गुण गेला. ७५ मिनिटांत ६० शॉट, आणि निवड याच दशांशांवर होते.

हिचा त्रास असा, की सात-आठ शॉट सुरेख, १०.४, १०.५, १०.३, आणि मध्येच एक ९.६. ती घाबरून मागच्या साइटचे दोन क्लिक फिरवायची, मग पुढचे चार शॉट भलतीकडे. पुन्हा क्लिक उलटे. तासाभरात ती स्वतःच्याच शेपटीमागे धावायला लागायची. रेंजवरच्या सरांनी खूप प्रयत्न केले. श्वास, मानेची पोझिशन, कोपराखालचा आधार, सगळं तपासलं. शेवटी निदान आलं, "रायफल उत्तम आहे, हे डोक्यातलं आहे." मग ध्यान, मग संध्याकाळी डोळे मिटून शॉटची कल्पना करणं, मग मोबाइलबंदी. यातलं काहीच वाईट नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीला सहा महिने रोज सांगा की दोष तुझ्या डोक्यात आहे, आणि बघा काय होतं ते. गणपतीत घरी आली तेव्हा मला म्हणाली, "दादा, बहुतेक मी सोडते. मला प्रेशर घेताच येत नाही." निवड चाचणीला तीन महिने राहिले होते.

मी म्हटलं, "एकदा मला मागे बसून बघू दे. मला काही कळत नाही, म्हणूनच बघू दे."

आमच्या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते. "कधीकधी होतं" असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न, "कधी कधी?" रँडम असं फार कमी असतं. मी वही आणि स्टॉपवॉच घेऊन तिच्या मागे खुर्ची टाकली. प्रत्येक शॉटला तीनच नोंदी : गुण, घड्याळाच्या काट्यानुसार दिशा, आणि आधीच्या शॉटपासून किती वेळ गेला. दोन दिवसांत १६० शॉट झाले. रात्री एक्सेलमध्ये टाकून वेळेच्या कॉलमवर सॉर्ट मारलं, आणि चहाचा कप हातातच राहिला. मिनिटभराच्या अंतराने मारलेले शॉट सगळीकडे विखुरलेले, माणसाच्या हाताने विखुरतात तसे. पण दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबून मारलेले अकरा शॉट होते, त्यातले दहा बाराच्या काट्यावर. म्हणजे सरळ वर. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

घाबरलेला हात दर वेळी नेमका वरच कसा जाईल?

तरी उडी मारायची नाही. आधी स्वस्त संशयित. छर्रे : एकाच लॉटचे, तरी वेगळ्या डब्यातले वापरून बघितले. साइट घट्ट आहे का, बॅरलचे स्क्रू सैल आहेत का, बॅरल आतून स्वच्छ आहे का. सगळं ठीक. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. म्हणजे हवा बाहेर गळत नव्हती. गळत असलीच तर आतल्या आत.

वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो. आमच्याकडे तो नव्हता. फोन होता. रायफलजवळ फोन ठेवून रेकॉर्डिंग करायचं. आधी शॉटचा आवाज येतो, मग छर्रे अडवायच्या लोखंडी पेटीवर आपटल्याचा. ऑडॅसिटीमध्ये फाइल उघडून दोन टोकांमधलं अंतर मोजायचं. त्यातून आवाजाला दहा मीटर परत यायला लागणारे २९ मिलिसेकंद वजा केले की छर्र्याचा प्रवास मिळतो. बारावीचं फिजिक्स, दुसरं काही नाही. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा यात काडीचाही उपयोग झाला नाही, हे जाता जाता.)

एका मिनिटाच्या अंतराने मारलेले शॉट : ८९ मिलिसेकंद. पुन्हा ८९. पुन्हा ८९. पाच मिनिटं थांबलो : ८८. पंधरा मिनिटं थांबलो : ८६. आणि लगेच पुढचा : परत ८९.

तीन मिलिसेकंदांनी काय होतं? ८९ म्हणजे प्रवास ६० चा, ८६ म्हणजे ५७ चा. साठ मिलिसेकंदांत छर्रा गुरुत्वाकर्षणाने साधारण १७.६ मिलिमीटर खाली येतो, सत्तावन्नमध्ये १५.९. फरक १.७ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ ०.७ गुण. मधोमध जाणारा १०.३ चा शॉट उचलून ९.६ करायला एवढं पुरतं. मी हे गणित तिला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर मारत होते?" मी म्हटलं, "त्या अकरांपैकी निदान दहा तरी."

या आजाराला नेमबाज मंडळी रेग्युलेटर क्रीप म्हणतात. रेग्युलेटरमध्ये वाटीसारख्या बाकदार स्टीलच्या वॉशर्सची चळत असते आणि एक छोटा पिस्टन. पुढच्या कप्प्यात दाब वाढला की तो पिस्टनला ढकलतो, वॉशर्स दाबल्या जातात आणि पिस्टनचं टोक एका प्लॅस्टिकच्या सीटवर बसून हवेची वाट बंद करतं. त्या सीटवर कण असला किंवा चरा पडला की वाट पूर्ण बंद होत नाही. ७० चे हळूहळू ७५ होतात, मग ८०. मिनिटाला एक शॉट मारत असाल तर कळणारही नाही. पाणी प्यायला गेलात, सरांशी बोलत बसलात, की परत आल्यावर पहिल्या शॉटला जास्त दाब. आणि पाणी प्यायला माणूस कधी जातो? शॉट बिघडल्यावर, मन शांत करायला! म्हणजे जितकी ती मन सावरायला थांबायची तितका पुढचा शॉट वर. आमच्याकडे असा बग कुणी लिहिला असता तर मी त्याला पार्टी दिली असती.

रेंजवरच्या एका अनुभवी काकांचा सल्ला होता, "हातोडीच्या स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा सैल कर, वेग कमी होईल." त्याला माझा ठाम विरोध होता. तो स्क्रू ट्यूनिंगचा आहे, दुरुस्तीचा नाही. रेग्युलेटर ठीक असताना तो थोडा थोडा घट्ट करत गेलं की वेग वाढतो आणि एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. त्या सपाट भागाच्या किंचित अलीकडे स्क्रू ठेवायचा, म्हणजे हवा वाया जात नाही आणि शॉट एकसारखे येतात. पण दाबच स्थिर नसेल तर कशाच्या हिशेबाने फिरवणार? मेमरी लीकवर रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करण्यासारखं आहे ते.

रेग्युलेटर मात्र मी उघडला नाही. इतक्या दाबाच्या वस्तूंशी यूट्यूब बघून खेळू नये. आम्ही तो एका आर्मररकडे नेला. गृहस्थ शांत, कमी बोलणारे. आधी सगळी हवा सोडून दिली, दोनदा खात्री केली, मग पाना लावला. भिंगाखाली सीट दाखवली : पिस्टनच्या टोकाने पाडलेला गोल ठसा, आणि त्यावर आडवा केसाएवढा चरा. ओ-रिंग एका बाजूला चपटी. आतल्या भिंतीला ओलसर काळपट थर. "हातपंपाने भरता का? पावसाळ्यात?" त्यांनी विचारलं. मामा ओशाळून हसला. २०० बारला हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. फिल्टर नीट नसेल तर ती थेट आत, बरोबर धूळही. त्यांनी सीट आणि ओ-रिंगा बदलल्या, सिलिकॉन ग्रीसचं नखभर बोट फिरवलं (साधं तेल इथे अजिबात चालत नाही, उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं), वॉशर्स होत्या त्याच क्रमाने बसवल्या. सिलिंडरवर छापलेली मुदतही बघितली. ती संपली असेल तर स्पर्धेत रायफल चालत नाही. आमची अजून तीन वर्षं शिल्लक आहे. "नवी सीट बसायला दोन-तीनशे शॉट जातील, तोवर स्क्रूला हात लावू नका," एवढं म्हणाले. बिल ऐकून मामाचा जीव भांड्यात पडला.

तीनशे शॉटनंतर पुन्हा फोन लावला. एक मिनिट : ८९. पाच : ८९. पंधरा : ८९. अर्धा तास जेवून आलो : ८९. मी रेंजवर जवळजवळ नाचलोच.

आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "दादा, आता ब्रेकनंतरचा शॉट खाली जातोय!"

पोटात गोळा आला. पण रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, ८९. रायफल जागेवर होती. बदलली होती ती ही. सहा महिन्यांत, कुणी न सांगता, तिच्या शरीराने शिकून घेतलं होतं की थांबून आल्यावर किंचित खाली धरायचं. स्वतःला पत्ताही नाही. जुन्या बगला धरून लिहिलेला कोड बग काढल्यावर फुटतो, तसं. यावर मात्र माझ्याकडे स्टॉपवॉच नव्हतं. हे काम सरांचं होतं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. वही बघितल्यावर ते तिला एवढंच म्हणाले, "मी तुला उगाच ध्यानाला बसवलं गं." मग रोज वीस वेळा खुर्चीत बसवलं, उठवलं, रायफल खांद्याला लावून टार्गेटकडे बघायला लावलं, बिनछर्र्याचं. हळूहळू तो खालचा कल कमी होतोय. काल ब्रेकनंतरचे सहा शॉट होते. चार जागेवर, दोन अजून सहाच्या काट्यावर.

चाचणी पुढच्या महिन्यात आहे. हातपंप माळ्यावर गेलाय, हवा आता स्कूबाच्या टाकीतून कोरडी भरून आणतात. वही तिने माझ्याकडून काढून घेतली आहे. वेळेचा कॉलम ती आता स्वतःच भरते.