सोयऱ्याची ओळख



४० वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. तुकोबांनी वृक्षांना सोयरे म्हटले, त्या अभंगावर किती वेळा निरूपण केले याची गणती नाही. आता आवाज बसला. वसईला मुलाकडे असतो आणि गुडघे साथ देतील तेवढे तुंगारेश्वराच्या वाटेवर चालतो. हे रान २००३ साली अभयारण्य झाले. महादेवाच्या दर्शनाला जाणारे आणि सकाळी फिरायला येणारे, दोघांचीही ही वाट.

पायथ्याशी रविवारी काही तरुण मंडळी रानमोडी उपटतात. तिच्या नावातच तिचे चरित्र आले. परमुलखातून आलेले हे झुडूप दाट माजते आणि खालच्या रोपांचे ऊन अडवते. बी वाऱ्यावर उडते, म्हणून फुलोरा येण्याआधी, माती ओली असताना ती मुळासकट काढायची. मोकळ्या जागी करंज, बहावा, ऐन, ताम्हण लावायचे आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालायचे.

मीही कंबर कसली. चार-पाच रोपे उपटली असतील, तोच पाड्यावरची एक आजी ओरडली, "बुवा, रानमोडी ठेवलीत आन् कुडा उपटलात!"

तिने कुड्याचे पान मोडून दाखवले. पांढरा चीक आला. रानमोडीचे पान चुरगळून नाकाशी धरले, उग्र वास. पोटाच्या विकारावर ज्याची साल वैद्य देतात, तो कुडा माझ्या हातात मरून पडला होता. पुन्हा लावला, पण जगला नाही.

माउली, त्या दिवशी मला फार लाज वाटली. ज्याला जन्मभर सोयरा म्हटले, तो समोर आला तेव्हा मी त्याला ओळखले नाही. आपला संप्रदाय नामाचा. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याचे स्मरण कसे करणार? वारीच्या वाटेवरही आपण हौसेने रोप लावतो. पुढच्या आषाढीला ते आहे की गेले, हे किती जण पाहतात?

आता आजीच्या मागे फिरून रविवारी एकेक नाव शिकतो. आतापर्यंत अकरा झाली. कुड्याचे दुसरे रोप लावले आहे. त्याला पाणी घालण्याची सेवा मात्र मी कोणाला देत नाही.

तुमच्या रोजच्या वाटेवरची पाच झाडे नावाने सांगता येतील का? उद्या चालताना पाहा.

रामकृष्ण हरी.