कोयनेचं वळलेलं पाणी

आषाढात कुंभार्ली घाट उतरताना एसटीची खिडकी लावून घ्यायची नसते. डोंगर दिसत नाही, नुसता पांढरा ओलावा. मधेच एखादा धबधबा इतक्या जवळून जातो की मांडी भिजते. पायथ्याशी पोफळी. इथल्या कातळाच्या पोटात वीज तयार होते हे ठाऊक असल्यानं मी दर खेपेला कान देऊन बसतो. ऐकू येतो तो पाऊसच.

कोयना महाबळेश्वरी उगवते आणि कऱ्हाडला कृष्णेला भेटते. म्हणजे तिचं पाणी खरं तर बंगालच्या उपसागराचं. कोयनानगरला धरण झालं, शिवसागर जलाशय भरला (त्याच्या तळाशी गावं आहेत, ती आठवल्याशिवाय मला उजेडाचं कौतुक करवत नाही) आणि बरंचसं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला वळलं. साडेचारशे मीटरहून अधिक खाली येऊन ते पोलादी चक्राच्या वाट्यांवर आदळतं, मग वासिष्ठीत मिसळून अरबी समुद्राकडे जातं.

माझी आजी म्हणे, वीज काढून घेतलेलं पाणी म्हणजे साय काढलेलं दूध. पण पाण्यात वीज नसतेच. पाणी देतं ती आपली उंची. मग तारेत वीज येते कुठून?

मला ते सायकलच्या डायनामोनं शिकवलं. तिन्हीसांजेला तो टायरला टेकवला की घरघर सुरू होई, दिवा पेटे. आत फिरतं चुंबक आणि त्याच्याशेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं. दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. मधे असतं ते चुंबकाचं अदृश्य क्षेत्र. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना अंगावर येणाऱ्या गारव्यासारखं: दिसत नाही, पण आहे.

ते क्षेत्र नुसतं असून मात्र भागत नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं, लोहाराच्या या मुलानं, लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडताच दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसूची हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी तोडताच पुन्हा हलली, उलट्या बाजूला. मधल्या वेळात पहिल्या तारेतून प्रवाह अखंड वाहत होता, म्हणजे त्याचं चुंबकी क्षेत्रही होतंच, तरी सूची निश्चल! ऑक्टोबरात त्यानं वेटोळ्यात चुंबकाची कांडीच आतबाहेर केली. कांडी सरकत असेतो प्रवाह. थांबली की तोही थांबला. वेटोळ्यातून जाणारं क्षेत्र कमीजास्त होत राहिलं तरच तारेत वीज जागी होते. बदल झपाट्यानं झाला, वेढे वाढले, की तिचा जोर वाढतो. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. नाव अवजड, गोष्ट श्वासाइतकी साधी.

डायनामो लावला की पायडल जड होई, ते मला लहानपणी टायरवरच्या घासण्याचं वाटे. तेही असतंच. पण खरी मेख लेन्झ या शास्त्रज्ञानं १८३४ मध्ये सांगितली: उपजलेला प्रवाह, ज्या बदलानं तो उपजला, त्यालाच विरोध करतो. दिवा पेटला की चुंबक फिरायला कुरकुरतं. त्या कुरकुरीवर मात करायला पाय जे बळ लावतात, त्याचाच उजेड होतो.

पोफळीत ते बळ पाणी लावतं. चुंबकं तिथंही फिरतात, फक्त अजस्र, आणि ती वीजप्रवाहानं जागी केलेली असतात. तारेतला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं घेतो. घराघरांत दिवे लागू लागले की जनित्राचा दांडा जड होतो. ठेका ढळू नये म्हणून पाण्याची धार वाढवावी लागते.

गाडी थांबली तेव्हा अंधारून आलं होतं. टपरीवाल्यानं ओल्या हातानंच बटण दाबलं. बल्ब लागला, चहाची वाफ दिसू लागली. मागं ओढा दोन्ही काठ धरून वासिष्ठीकडे चालला होता.