बॉस्टनची देवघेव

बॉस्टनला जाणारा मराठी माणूस सहसा तीन गोष्टी पाहून येतो. एक, हार्वर्ड विद्यापीठाचे आवार. तेथे जॉन हार्वर्डच्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढायचा. दोन, 1773 साली चहाच्या पेट्या ज्या बंदरात फेकल्या ते बंदर. तेथे उभे राहून एवढा चहा पाण्यात गेला म्हणून हळहळायचे. आणि तीन, ज्याच्याकडे आपण उतरलो आहोत त्याचे तळघर. ही तिन्ही स्थळे मी यथासांग पाहिली. पण 2025 च्या जूनअखेरीस मी तेथे होतो तेव्हा त्या शहराचे चित्त ना विद्यापीठात होते, ना बंदरात. भावाभावांच्या वाटण्या चालू असलेल्या वाड्यासारखे ते गाव कुजबुजत, चिडत आणि हिशेब मांडत बसले होते. त्यांच्या सेल्टिक्स या बास्केटबॉल संघातली माणसे परगावी दिली जात होती.

'दिली जात होती' असे मी मुद्दाम म्हणतो. तिकडचा धंदेवाईक खेळाडू संघ बदलतो तो पुष्कळदा आपल्या मर्जीने नव्हे. एक संघ त्याला करारासकट दुसऱ्याच्या हवाली करतो आणि बदल्यात दुसरा खेळाडू, नाहीतर पुढल्या एखाद्या वर्षी नवे तरुण निवडण्याचा हक्क घेतो. याला ते 'ट्रेड' म्हणतात. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो, तसा हा टेलिफोनवर ठरतो. ज्याचा सौदा झाला त्याला कधीकधी ही बातमी इतरांबरोबरच कळते. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, नुकतेच रंगवलेले घर, हे सारे मागाहून. पगार मात्र असा की तो आकडा ऐकल्यावर आपली सहानुभूती जरा संकोचून बाजूला उभी राहते.

माझा पुतण्या राहतो ते माल्डन हे बॉस्टनचे उत्तरेकडचे उपनगर. तेथून ऑरेंज लाइनची गाडी पकडली की थोड्याच वेळात नॉर्थ स्टेशन येते, आणि स्टेशनच्या डोक्यावरच सेल्टिक्सचे क्रीडागृह आहे. नाव 'गार्डन', पण झाड औषधालाही नाही. जुने गार्डन 1928 चे; ते 1995 मध्ये बंद झाले आणि शेजारीच हे नवे उभे राहिले. येथल्या जमिनीची मोठी ख्याती आहे. महायुद्धानंतर लांब फळ्या मिळेनात, म्हणून ओकचे उरलेसुरले तुकडे आडवे-उभे जोडून चौकटीचौकटीची जमीन केली. पुढे लाकूड मुबलक झाले तरी नक्षी तीच ठेवली. गोधडी शिवायची ती चिंध्या होत्या म्हणून, आणि मिरवायची ती परंपरा म्हणून. हा मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच. वर छताला अठरा विजयांच्या अठरा पताका. अठरावी 2024 ची.

तेथून चालत फॅन्युइल हॉलच्या बाजारात गेलो. तेथे एका बाकावर रेड आउरबाख हे गृहस्थ ब्राँझचे होऊन बसलेले आहेत, हातात चिरूट. सामना खिशात आला अशी खात्री पटली की ते शेवटची शिट्टी व्हायच्या आतच चिरूट पेटवीत. प्रतिपक्षाच्या अंगाचा किती तिळपापड होत असेल! मी त्यांच्याशेजारी जरा टेकलो. पाय दुखत होते, आणि ब्राँझची माणसे बोलत नाहीत हा त्यांचा मोठा गुण आहे.

या आउरबाखांनी 1956 मध्ये केलेली देवघेव बॉस्टनचा शेंबडा पोरही सांगेल. त्यांना बिल रसेल नावाचा तरुण हवा होता. त्याला निवडण्याचा हक्क होता सेंट लुइसकडे. सेंट लुइसने बदल्यात एड मकॉली आणि क्लिफ हेगन अशी दोन माणसे मागितली. मकॉली बॉस्टनचा लाडका. मालक वॉल्टर ब्राउन त्याला द्यायला धजेनात. पण मकॉली मूळचा सेंट लुइसचाच; त्याच्या तान्ह्या मुलाला मेंदूज्वर झाला होता, आणि बापाला घराजवळ राहायचे होते. तो आपणहून म्हणाला, मला जाऊ द्या. रसेल आला आणि पुढल्या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे आली. सर्वांना हे अकरा आठवतात. मला आजारी मुलाच्या उशाशी जाणारा तो बाप आठवत राहतो. आणि गंमत अशी की सेंट लुइसही काही अगदीच बुडाले नाही. 1958 मध्ये त्यांनी याच बॉस्टनला हरवून अजिंक्यपद मिळवले.

आता माल्डनच्या न्हाव्याकडे येतो, कारण खरे बॉस्टन मी तेथे पाहिले. पुतण्या म्हणाला, "काका, केस कापायला घरी मशीन आहे." मी म्हटले, परगावी जाऊन न्हाव्याकडे गेलो नाही तर ते गाव पाहिले असे मी समजत नाही. त्याच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांना बरोबर घेऊन मी निघालो. दुकानदार मूळचा हैतीचा, चाळिशीचा, हाताइतकेच तोंड चालवणारा. खिडकीपाशी एक सेवानिवृत्त पोस्टमन, आयरिश वंशाचा, मांडीवर वर्तमानपत्र. कोपऱ्यात एक ऐंशीच्या पुढचे काळे आजोबा; त्यांची हयात शहराच्या गाड्या चालवण्यात गेली होती. तिघांपैकी केस एकालाही कापायचे नव्हते. दुकानदाराला माझे कापायचे होते, पण त्यालाही घाई दिसेना.

प्रश्न असा होता. 12 मेच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये सेल्टिक्सचा पहिल्या प्रतीचा खेळाडू जेसन टेटम याची टाचेची शीर तुटली. त्या सामन्यात त्याचे 42 गुण झालेले होते! पुढला हंगाम बहुतेक त्याच्याविना जाणार. इकडे संघ विकला जात होता. 2002 मध्ये 36 कोटी डॉलरला घेतलेल्या संघाची किंमत आता 610 कोटी ठरली होती. पगार आणि त्यांवरचा दंडवजा कर मिळून खर्च पन्नास कोटींच्या घरात जाईल असे वर्तमानपत्रे छापीत होती. शिवाय 2023 पासून लीगचा नियम असा की खर्चाची वरची पायरी ओलांडणाऱ्या संघाचे हात बांधले जातात. दोघांचे पगार एकत्र करून एखादा मोठा खेळाडू आणायचा म्हटले तर तेही करता येत नाही. म्हणून त्या एका आठवड्यात ड्रू हॉलिडे पोर्टलंडला आणि सव्वासात फूट उंचीचा लाटव्हियन पोर्झिंगिस अटलांटाला देण्याचे ठरले. हॉलिडेच्या बदल्यात अँफर्नी सायमन्स. अठराव्या पताकेला हात लागलेले दोन मोहरे पटावरून उचलले होते.

पोस्टमन हिशेबाचा माणूस. तो म्हणाला, "हॉलिडे पस्तिशीचा झाला. अजून तीन वर्षांचे दहा कोटींहून जास्त द्यायचे आहेत. सायमन्स सव्वीसचा आहे, सामन्याला एकोणीस गुण करतो. यात रडायचं काय?"

"सायमन्स एकोणीस करतो आणि समोरच्याला पंचवीस करू देतो," न्हावी म्हणाला आणि माझ्या कानाजवळ कात्री थांबली. "हॉलिडे काय अडवतो ते तुझ्या कागदावर छापत नाहीत!"

येथून गाडी जी निघाली ती 2017 वर येऊन थांबली. बॉस्टनचा कुठलाही वाद शेवटी तेथे येतो असे मला पुतण्याने मागाहून सांगितले. आयझाया थॉमस हा पाच फूट नऊ इंचांचा खेळाडू. सात-सात फुटांच्या ताडामाडांत हा आपल्या-तुपल्यासारखा. 2011 च्या निवडीत साठांतला साठावा, म्हणजे पंगतीत शेवटचे पान. हा बॉस्टनला आला आणि 2016-17 च्या हंगामात सामन्यामागे जवळजवळ एकोणतीस गुण करू लागला. त्या एप्रिलमध्ये, बाद फेरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, त्याची धाकटी बहीण मोटार-अपघातात गेली. तो दुसऱ्या दिवशी खेळला. 2 मे रोजी तिचा वाढदिवस असता. त्या रात्री त्याने वॉशिंग्टनविरुद्ध 53 गुण केले. खुब्याचे दुखणे अंगावर काढीत तो खेळला. आणि ऑगस्टमध्ये व्यवस्थापक डॅनी एंज यांनी त्याला क्लीव्हलंडला देऊन टाकले. बदल्यात आला कायरी अर्व्हिंग.

हे सांगताना न्हाव्याने कात्री खाली ठेवली होती. मध्येच त्याने मला विचारले, "तुम्ही कुठले? मुंबईकडचे? मग तुमचे आभार मानले पाहिजेत." मला उलगडा होईना. पोस्टमनने खुलासा केला. थॉमस आधी सॅक्रामेंटोकडे होता. त्यांनी 2014 मध्ये त्याला जाऊ दिले, तेव्हा त्या संघाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. पुढे फिनिक्समार्गे तो बॉस्टनला आला. सातासमुद्रापार रणदिव्यांच्या वतीने आभार स्वीकारण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असे मला वाटले नव्हते. मी मान लववली. आमच्याकडे नागपाड्याला मस्तान तलावाच्या मैदानावर पोरे पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळतात, हेही सांगून टाकले. देशाची बाजू जरा भक्कम केली.

पोस्टमन म्हणाला, "खुबा गेलाच होता त्याचा. पुढे तो तसा कधी खेळला का?"

"खुबा कुणासाठी गेला?"

"आणि याच एंजनं 2013 मध्ये म्हातारे झालेले पिअर्स-गार्नेट ब्रुकलिनला दिले नसते, तर ब्राउन आला असता? टेटम आला असता? तुझी अठरावी पताका कुठून आली असती?"

न्हाव्याला यावर उत्तर सुचेना, कारण ते खरे होते. ब्रुकलिनकडून मिळालेल्या हक्कांतूनच हे दोघे तरुण बॉस्टनला आले. मग तो म्हणाला, "अर्व्हिंग दोन वर्षांत सोडून गेला. म्हणजे ज्यानं जीव टाकला त्याला घालवलं, आणि ज्याला आणलं तो थांबलाही नाही." पोस्टमन गप्प झाला. माझे मत कोणी विचारले नव्हते, पण ते न्हाव्याच्या बाजूचे होते. सौदा शहाणपणाचा असेल; पण बहिणीच्या वाढदिवशी 53 गुण करणाऱ्या माणसाला त्याच वर्षी गाशा गुंडाळायला लावणे मला मानवत नाही.

इतका वेळ न बोललेले आजोबा आता बोलले. आवाज खोल, सावकाश. "तुम्ही दोघं फार वेळा 'ट्रेड' म्हणता. माझ्या पणजीला जॉर्जियात विकलं होतं. हे तसं नाही, मला समजतं. या पोरांकडे घरं आहेत, वकील आहेत. पण शब्द तोच आहे. म्हणून मी म्हणतो, 'हॉलिडे गेला.'" दुकानात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बैलबाजाराची उपमा माझ्या जिभेवर घोळत होती. ती मी तेथल्या तेथे गिळली आणि येथे घरच्या माणसांत काढली. पुढे वाचनात आले की 2019 मध्ये लीगच्या आयुक्तांनीही 'मालक' हा शब्द आम्ही टाळतो, 'गव्हर्नर' म्हणतो असे जाहीर केले होते. म्हणजे आजोबांचे दुखणे वरपर्यंत पोचले होते.

त्यांनी रसेलला पाहिले होते, जुन्या गार्डनमध्ये, अगदी वरच्या स्वस्त रांगेतून. बॉस्टनने 1950 मध्ये चक कूपरला निवडले, तो लीगच्या निवडीतला पहिला काळा खेळाडू. 1964 मध्ये पाचही काळे खेळाडू एकदम उतरवणारा पहिला संघ हाच. 1966 मध्ये पहिला काळा प्रशिक्षक रसेल, तोही येथलाच. हे सारे आजोबांनी अभिमानाने सांगितले. मग म्हणाले, "आणि याच गावाबाहेर, रेडिंगला, त्याच्या घरात शिरून भिंतींवर शिव्या लिहिल्या. बिछान्यात घाण केली. अकरा पताका आणणाऱ्याच्या!" 1972 मध्ये रसेलचा 6 हा आकडा गार्डनच्या छताला चढवला, तेव्हा त्याच्या इच्छेवरून प्रेक्षकांना आत घेतले नव्हते. लोकांसमोर तो सोहळा व्हायला 1999 उजाडले. आज सिटी हॉलच्या चौकात त्याचा पुतळा आहे. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिला. चेंडू दुसऱ्याकडे टाकण्याच्या पवित्र्यात तो उभा आहे, आणि शेजारून कचेरीतली माणसे कॉफीचे पेले सांभाळीत जातात.

माझे केस कापून झाले आणि नातवाची पाळी आली. त्याच्या अंगात हॉलिडेचा चार नंबरचा हिरवा शर्ट होता. आदल्या दिवाळीला आईने घेऊन दिलेला. पोस्टमन म्हणाला, "बाळ, दुकानात आता हा निम्म्या किमतीला मिळेल." पोराने खाली पाहिले. आजोबांनी त्याला जवळ बोलावले. "चोवीस साली तो होता ना? मग घाल. शर्ट कुणी मागितलेला नाही." पोरगे खुर्चीत चढले आणि न्हाव्याने फडके पांघरण्याआधी शर्ट नीट ताणून बसले.

मला वाटले, आता म्हातारबुवांनी सर्वांना विचारात पाडले आहे, वाद मिटेल. छे! त्यांनीच खाकरून सुरुवात केली, "पण सायमन्सला पाय हलवून बचाव करता येत नाही, हे मात्र खरं." पोस्टमनने वर्तमानपत्र उलगडले. पोर्झिंगिस गेला, हॉरफर्डचा करार संपला, तर ऑक्टोबरात मधल्या जागी उभा कोण राहणार? न्हाव्याने कात्री हवेत धरून एक नाव घेतले. पोस्टमनने कपाळावर हात मारला, आजोबा मोठ्याने हसले, आणि फडक्याखालून आमच्या चिरंजीवांनी तिसरेच नाव सुचवले.