वायरीतली ढील

आमच्याकडं १९९६ सालची ओम्नी व्हॅन होती. २००९ ला जुनीच घेतलेली. डाळिंबाचे क्रेट, शेळ्या, पाव्हणेरावळे, सगळं तिच्यातनंच. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचललं की समोर कार्बोरेटर, त्यामुळं हात घालायचा मोह लई.

पिकअप कमी वाटाय लागला म्हणून एका शनिवारी मी एक्सलेटरच्या वायरीचे दोन्ही नट फिरवून वायर पार ताठ केली. रेस आपोआप वाढली. मला वाटलं, जमलं. स्लोचा स्क्रू उलटा फिरवला तरी रेस उतरंना. तिथंच कळायला पायजे होतं, कारण लिव्हर स्क्रूवर टेकतच नव्हती, वायरीनंच धरून ठेवलेली. पण दहावीपर्यंतच्या शास्त्रात हे नव्हतं, आणि विचारायला कमीपणा वाटला.

रविवारी सांगोल्याच्या बाजाराला निघालो. शेजारी मंडळी, मागं दोन शेळ्या. गर्दीत पाय काढला तरी गाडी पुढंच रेटाय लागली. ब्रेक दाबला, क्लच दाबला, तर इंजिन किंचाळाय लागलं. चावी बंद केली तेव्हा माळवं घेऊन बसलेली एक म्हातारी पुढच्या चाकापासनं हातभर लांब होती. तिनं टोमॅटोची पाटी मागं ओढली आणि मला शिव्या घातल्या. माझ्या हाताचा कापरा थांबंना.

लोक जमले. मी म्हणालो, "फिटरनं घाण करून ठेवलीय."

मंडळी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "काल सीट कुणी उचललंवतं, अवो?"

रात्री बॅटरी धरून नट सैल केले. बोटानं दाबली तर वायर जरा लवली पायजे, एवढी ढील ठेवली. इंजिन बंद ठेवून मंडळींना पायडल दाबाय लावलं. पाय तळाला गेला की लिव्हर पुरती उघडायची, सोडला की टक्क करून स्क्रूवर बसायची. वीसेक वेळा बघितलं. मग इंजिन तापवून परत. आता स्लोचा स्क्रू ऐकाय लागला.

सकाळी फिटर पोराकडं गेलो. काय बोलावं सुचंना. म्हणलं, "बाळा, काल बाजारात तुझं नाव घेतलं मी."

पोरगं हातातलं काम करत म्हणालं, "कळलं मला, नाना. नटावर पक्कडीचं वण असतील बघा. मी पाना लावतो."

आणि चहा सांगितला.