रसायनीचा गोलरक्षक

पाताळगंगेकाठी रसायनी नावारूपास आली ती १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्समुळे. २०१७ मध्ये सरकारने येथील बहुतेक उत्पादन बंद करण्याचे ठरविले. बिऱ्हाडे हलू लागली.

मोहोपाड्याच्या बाजारात भाच्याने फुटबॉलपटूंच्या कार्डांचे स्वस्तातले पाकीट मागितले. ‘पुठ्ठ्याला कसले पैसे?’ मी कुरकुरलो. पाकिटात मेस्सी दोनदा निघाला. जादा मेस्सी त्याने गाव सोडणाऱ्या मित्राला दिला; बदल्यात कुणी अनोळखी गोलरक्षक घेतला.

इटलीच्या पानिनीने १९७० च्या विश्वचषकाच्या चित्रांपासून हीच चटक लावली: संच एकट्याने पुरा होत नाही, देवघेव करावीच लागते. महागडे कार्ड पेटीत पडून राहते, स्वस्त तेच हातोहाती फिरते.

मित्र गेला. त्या गोलरक्षकाच्या बदल्यात भाचा आता काहीच घेत नाही.