लालबागेतून, वेगाच्या धन्यास

श्रीमंत महाराज यशवंतराव होळकर यांचे सेवेशी,



इंदूरच्या लालबाग राजवाड्यात हल्ली तिकीट काढून जाता येतं. बकिंगहॅमच्या फाटकाच्या धर्तीवर विलायतेत ओतवून आणलेलं ते फाटक, आतली झुंबरं, आरसे, गालिचे, सगळं लोक डोळे भरून बघतात. पण आपल्याबद्दल इथं फार थोडं सापडतं. ते साहजिकच आहे. लालबाग आपल्या वडिलांचा. आपण शहाण्यासारखे बाजूला झालात आणि एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतलात. तिथं झुंबरांना थारा नव्हता.

मला विचारायचं आहे ते आपल्या ड्युसेनबर्ग गाडीबद्दल.

लालबागेचं काम संपलं 1921 साली. त्याच वर्षी जिमी मर्फी नावाच्या अमेरिकन ड्रायव्हरनं ल मान्सला ड्युसेनबर्ग गाडीतून फ्रेंच ग्राँ प्री जिंकली. अमेरिकन गाडीत बसून अमेरिकन माणसानं युरोपातली एवढी मोठी शर्यत मारण्याची ती पहिलीच वेळ. आपण तेव्हा बारा वर्षांचे. पुढे 1924, 1925 आणि 1927 मध्ये याच कारखान्यानं इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. थोडक्यात, ड्युसेनबर्ग ही मुळात शर्यतवाल्यांची गाडी. राजेरजवाडे आणि सिनेनट तिच्यामागे नंतर लागले. तिचा कर्ता फ्रेड ड्युसेनबर्ग 1932 मध्ये आपल्याच गाडीच्या अपघातानं गेला.

आपण 1935 ची ड्युसेनबर्ग एसजे घेतलीत. आठ सिलिंडर, सुमारे सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि कारखान्याच्या दाव्यानुसार 320 अश्वशक्ती. तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून दोन माणसांपुरती बॉडी चढवून घेतलीत. एवढं लांबलचक धूड आणि बसणार दोघं! तरीही सांगतो, तिचं चित्र पाहिलं की टीका करायची विसरायला होतं.

त्याच 1935 साली दुसरी एक एसजे अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर धावत होती. स्टीअरिंगवर होता अ‍ॅब जेन्किन्स, यूटातला बांधकामाचा ठेकेदार, कडक मॉर्मन, दारूला न शिवणारा. चोवीस तास ती गाडी पळाली आणि तिनं ताशी 135 मैलांहून अधिक सरासरी काढली. आपल्या हिशेबात ताशी 218 किलोमीटर, तेही अख्खा दिवस नि अख्खी रात्र. घड्याळ लावून बसलेले पंच होते, म्हणून तो आकडा टिकला. पुढे सॉल्ट लेक सिटीच्या लोकांनी त्याला मतं देऊन महापौर केलं.

महाराज, आपला आकडा कोणी लिहून ठेवला असता? इंदुरात आपल्यापुढे गाडी काढण्याची कोणाची छाती होती? रस्ते आपले, पोलीस आपले, पेट्रोलचे पैसे शेवटी रयतेचे. यात आपल्या हिमतीचा प्रश्नच नाही. ज्याच्यासाठी सगळे आधीच बाजूला होतात त्याला आपण किती जोरात गेलो ते कळतच नाही, एवढंच माझं म्हणणं. आपल्या क्रिकेट संघाचं तसं नव्हतं. सी. के. नायडूंच्या होळकर संघासमोर मुंबईसारखे तगडे संघ होते, आणि म्हणूनच रणजी करंडकाच्या त्या चार विजयांना किंमत आहे.

आपल्या आयुष्यात खरी चुरस मला एकदाच दिसते, आणि ती गाडीत नाही. 1942 मध्ये अमेरिकेत असताना आपण अध्यक्ष रूझवेल्टना अनावृत पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करा म्हणालात. युद्ध ऐन भरात, आणि एक मांडलिक राजा इंग्रज सरकारला ओलांडून परक्या देशाच्या अध्यक्षाशी जाहीर बोलतो! बावला खून प्रकरणात संशय दरबारापर्यंत पोचला, म्हणून 1926 मध्ये आपल्या वडिलांना गादी सोडावी लागली आणि सतराव्या वर्षी ती आपल्याकडे आली. सरकारची मर्जी फिरली की काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? तेव्हा समोर प्रतिस्पर्धी होता, तोही साम्राज्याएवढा.

पाचच वर्षांनी मात्र भोपाळच्या नवाबांच्या नादी लागून भारताच्या सामीलनाम्यावरच्या सहीला आपण शेवटपर्यंत झुलवलंत. रूझवेल्टना ते पत्र लिहिणारा माणूस दिल्लीच्या कागदापुढे इतका का अडखळला, हे मला अजून उमगलेलं नाही. उतारावर ब्रेक दाबावा तसं ते वाटतं. नंतर मध्य भारताचं उपराजप्रमुखपद मिळालं. त्याला मतं लागत नव्हती.

आमची एक मागणी आहे, आपल्याकडे नव्हे, लालबाग सांभाळणाऱ्यांकडे. सिंहासनं आणि पलंग पुष्कळ झाले. त्या ड्युसेनबर्गचं एक मोठं छायाचित्र लावा, आणि शेजारी 1942 च्या त्या पत्राची प्रत. कोणत्या चौकटीपुढे लोक जास्त रेंगाळतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी पत्र लावाच.

आपला,
एक इंदूरकर