सावलीपासून प्रकाशकणापर्यंत

कुडाळनजीकचे पिंगुळी गाव चित्रकथी व चामड्याच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तेथे दिवा एकच. पण बाहुली बदलली की सावली बदलते. क्वांटम बिंदूंचे काहीसे असेच आहे. पदार्थ एकच; परंतु काही नॅनोमीटरचा कण आणखी लहान केला की प्रकाश तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच बिंदूंच्या शोधासाठी देण्यात आले. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनीही अशा सूक्ष्म कणांवर संशोधन केले.

आता हा बिंदू प्रकाशवाहक चिपमध्ये बसवून एकेक प्रकाशकण सोडता येतो. त्याची अचूक नक्कल करता येत नाही. चोरून वाचू पाहणारा मागे खूण ठेवतोच. उत्तम बिंदूंना आज अतिशीत तापमान लागते. म्हणून बाजारपेठ अद्याप दूर आहे. हुंडीवरील एका सहीने लाखोंचा व्यवहार करणाऱ्या घराण्यांना विश्वासाचे मोल ठाऊक आहे; तो घडविणाऱ्या संशोधनाला मात्र धीराचे भांडवल हवे.